बाबांचे सिक्स्टीज

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर एक मग आहे. त्यावर झेब्रा क्रॉसिंग ओलांडणारे चार बीटल्स. लॅपटॉपच्या पाठीवर पीस साइनचा स्टिकर. फोनमध्ये 'सिक्स्टीज' नावाची तीनशे गाण्यांची प्लेलिस्ट. थोडक्यात काय, चुकीच्या दशकात जन्मलेली पोरगी म्हणून पुण्याच्या आमच्या ऑफिसात माझी ख्याती आहे. जन्म खरं तर १९८९चा. पण १९६५ साली 'नॉर्वेजियन वूड'मध्ये सतार वाजली, १९६७ला माँटेरेत रविशंकर वाजवत बसले, १९६८ला बीटल्स हृषीकेशला आले, हे सगळं मी असं काही सांगते की जणू मी तिथेच चहा घेऊन बसले होते!

तर गेल्या दिवाळीत नागपूरला घरी गेले होते. बाबा आता ऐंशीला टेकलेत. मी त्यांचं उशिरा झालेलं शेंडेफळ. कानाच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की उजवा कान गेल्यातच जमा आहे आणि डावाही हळूहळू त्याच वाटेनं चाललाय. नवं श्रवणयंत्र आणलं होतं, ते डबीतच पडून. मी बाजूला बसून जरा मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुमचे सिक्स्टीज कसे होते हो?"

"काय होते?"

"साठचं दशक! वूडस्टॉक, हिप्पी, ते सगळं."

"हं," बाबा म्हणाले. "मी एटापल्लीले होतो."

झालं. एका शब्दात माझ्या मगातली हवाच गेली.

मर्फी, सिलोन आणि दलाल

बाबा १९६६ साली विसाव्या वर्षी जिल्हा परिषदेचे मास्तर झाले आणि पहिलंच पोस्टिंग एटापल्लीच्या बाजूच्या गावात मिळालं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ला. तेव्हा सगळं एकच, चांदा. एटापल्ली सिरोंचा तहसिलीत. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्पही १९७३चा, म्हणजे बाबा तिथून निघून गेल्यानंतरचा. मातीच्या भिंतींची एक खोली, कंदील, आणि वर्गात माडिया बोलणारी पोरं. त्यांना मराठी येत नाही, मास्तरांना माडिया येत नाही. पहिले सहा महिने दोन्हीकडून नुसतं हसणं चालायचं म्हणे.

पगार साठवून बाबांनी मर्फीचा ट्रान्झिस्टर घेतला. त्याचा परवाना पोस्टात काढावा लागे, ही गोष्ट मला ऐकूनही खरी वाटली नव्हती. रेडिओ ऐकायला लायसन्स! दिवसा नागपूर केंद्र खरखरत लागायचं. रात्र झाली की मात्र शॉर्टवेव्हची मजा. त्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून पुन्हा जमिनीवर येतात, त्यामुळे हजारापेक्षा जास्त किलोमीटरवरचं कोलंबो त्या खोलीत बाजूच्या घरातून बोलावं तसं बोलायचं. बुधवारी आठला बिनाका गीतमाला. आधी बहिणींना आणि मग भावांना हाक मारणारे अमीन सयानी. बाबांकडे 'जंगली'च्या शम्मी कपूरची नक्कल अजून आहे. खऱ्या जंगलात बसून एक मास्तर बर्फातल्या 'जंगली'ची गाणी ऐकतोय, हे दृश्य मला फार आवडलं.

दुसरा शौक दिवाळी अंकांचा. मुखपृष्ठं काढून ते भिंतीला चिकटवायचे. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या बायका, त्यांच्या त्या टपोऱ्या डोळ्यांसकट, शेणानं सारवलेल्या खोलीत मास्तरांकडे बघत असायच्या. वर्तमानपत्र तीन-चार दिवसांनी पोचायचं. १९६७च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं, तेव्हा बाबांनी ती बातमी शिळ्या पेपरात वाचली. दारव्हेकर नागपूरचे, वसंतराव देशपांडे मूळचे मूर्तिजापूरचे नि नागपुरात वाढलेले, संगीत अभिषेकीबुवांचं. "आपल्या इकडच्या माणसानं आपल्या इकडच्या माणसासाठी लिहिलं, अन् मी तिथं कंदिलाची काच पुसत बसलो होतो," असं बाबा म्हणाले. त्याच वर्षी ग्रेसचा 'संध्याकाळच्या कविता' आला. तो त्यांच्या हाती पडायला आणखी पाच वर्षं गेली.

एवढं सगळं मी खूश होऊन ऐकत होते. डोक्यात इन्स्टाचे कॅप्शनही तयार होत होते. मग बाबा थांबले.

"रात्री ते लोक गायचे," ते म्हणाले. "रेला. पोरी-पोरं रांग धरून, पहाटेपर्यंत. रोज नाही, पण सणावाराला, लग्नाला तर हमखास. मला ते एकसुरी वाटायचं. सिलोन नीट ऐकू येत नाही म्हणून मी आवाज वाढवायचो. एकदा तर बाहेर जाऊन ओरडलो. ते हसले अन् जरा दूर जाऊन गायले."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं होतो. एकदाही बाहेर जाऊन बसलो नाही." त्यांनी बाजूचा कारवाँ उचलून दाखवला. आम्हीच वाढदिवसाला दिलेला, पाच हजार जुन्या गाण्यांचा. "सिलोनची सगळी गाणी याच्यात आहेत. ते बाहेरचं कुठं आहे? आता रात्री झोप लागत नाही तं तेच आठवते. नुसता सूर. धरायला गेलं की सुटते."

मग अगदी सहज, भाजी आणायला सांगावी तसं, "तू फिरत असते ना लय? जाऊन आण तेवढं. कान आहे तोवर."

लाँग वीकएण्ड, लांबचा रस्ता

२६ जानेवारीला जोडून रजा टाकली. टीममधले लोक गोव्याला निघाले होते. मी नागपूरहून गाडी घेऊन निघाले गडचिरोलीकडे. गडचिरोलीपर्यंत पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर, तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असं खाली खाली जायचं. आलापल्लीहून एटापल्ली तीसेक किलोमीटर. ट्रिप प्लॅन करणाऱ्यांसाठी सांगते, हिवाळ्यातच जा. मे महिन्यात तिथं जायला एक तर तेंदूपत्त्याचा कंत्राटदार असावं लागतं किंवा वेडं.

वाटेत चामोर्शीला चहा घेतला तेव्हा भिंतीवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं. वडसा म्हणजे या नाटकांची पंढरी, दिवाळी ते होळी हा सीझन, आणि नाटक रात्रभर. मल्टिप्लेक्सवाल्यांनी इकडे येऊन हाउसफुल्ल म्हणजे काय ते बघावं. पुढे आष्टीच्या आसपास अचानक बंगाली बोलणं कानावर आलं. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं चांदा जिल्ह्यात वसवलं, मुलचेरा भागात त्यांची गावंच्या गावं आहेत. म्हणजे बाबा नोकरीला येत होते त्याच सुमाराला ही माणसंही ट्रकमधून इथं उतरत होती, आपली कीर्तनं घेऊन. माझ्या प्लेलिस्टमध्ये हे सिक्स्टीज नाहीत.

आष्टी मागे पडली आणि सागाचं राज्य सुरू झालं. आलापल्लीचा साग प्रसिद्ध. तिथून भामरागडच्या रस्त्याला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचा जुन्या जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलाय, २०१४ साली तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. मान वर करून शेंडा बघायला गेलं तर टोपी पडते. मी अर्धा तास तिथं उभी होते. फोनला रेंज नव्हती, आणि त्याचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

एटापल्लीच्या अलीकडे मात्र वेगळंच जग. लोहखनिजाचे ट्रक. एकामागे एक. तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. खाण हवी की डोंगर हवा यावर इथं वर्षानुवर्षं वाद चाललाय. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी याच डोंगरात सत्तरवर गाड्या जाळल्या होत्या, नंतर २०२१पासून खाण जोरात सुरू झाली. चहावाला म्हणाला, "पोरं कामाले लागली हे खरं. अन् रस्ता ओलांडता येत नाही हेबी खरं." त्याच्याहून जास्त शहाणपणाचं मी एका दुपारच्या ओळखीवर बोलू नये.

'ते यूट्यूबवर आहे, ताई'

एटापल्ली म्हणजे एक मोठा चौक, तहसील, बाजार, मोबाइलची दुकानं. बाबांच्या शाळेचा पत्ता लागेल असं उगीच वाटलं होतं. त्या गावात आता पक्की इमारत आहे, जुन्या खोलीची जागा कुठली हे कोणालाच सांगता येईना. मास्तरांचं नाव सांगितलं तर सगळ्यांनी विनम्रपणे माना हलवल्या. साठ वर्षांत किती मास्तर आले नि गेले.

मदतीला आला मोबाइल दुकानातला पोरगा. तिशीच्या आतला, बी.ए. झालेला, घरी माडिया, दुकानात मराठी, होलसेलवाल्याशी तेलुगू. मी त्याला माझा हुशार प्रश्न विचारला, "इथं गोंड पेंटिंग्ज कुठं मिळतात?"

"ते यूट्यूबवर आहे, ताई," तो म्हणाला.

माझी चांगलीच जिरली. आपण कॅफेत कोस्टरवर बघतो ती ठिपक्या-रेषांची हरणं इथली नाहीतच. ती मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या परधान गोंडांची. आणि त्यांच्यामागेही सिक्स्टीज आहेत बरं! चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०'चं प्रदर्शन भरवलं, त्याच्या कॅटलॉगला ऑक्ताव्हियो पाझ या मेक्सिकन कवीनं लिहिलं. तेच स्वामीनाथन ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आले. त्यांच्या चमूला पाटणगडला जनगढसिंह श्याम हा तरुण सापडला, आणि त्याच्या हातून भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. एटापल्लीच्या माडियांची कला वेगळी. ती अंगावर गोंदलेली असते, गळ्यात मण्यांच्या माळांत असते, गावाबाहेर मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभ्या केलेल्या दगडात असते. फ्रेम करून भिंतीवर लावता येत नाही.

"अन् रेला?" मी विचारलं.

त्यानं फोन काढून लावलं. डीजे रेला. खाली धाडधाड बीट, वर ऑटोट्यून केलेला पोरीचा आवाज. वाईट नव्हतं, खरं सांगते. पण बाबांची झोप उडवणारं हे नव्हतं. मी त्याला बाबांची सगळी गोष्ट सांगितली. ओरडल्याचीसुद्धा. तो थोडा वेळ मोबाइलचं कव्हर पुसत राहिला. मग म्हणाला, "माझ्या आजीच्या गावात लग्न आहे उद्या. पण रेकॉर्डिंग करायचं तं त्यांना विचारा. मी नाही सांगणार."

पेटीवाला मास्तर

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी बोलावलं ते मला, तुम्हा सगळ्यांना नव्हे. कुडाची घरं, अंगणं अशी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटावी. मांडवाशेजारी शेकोट्या. मोहाची मला दिली, मी घोटभर घेतली, आणि अख्खं गाव माझं तोंड बघायला जमलं.

दुकानातल्या पोराची आजी सत्तरीच्या पुढची. कपाळावर, हातांवर गोंदण. तिला मराठी कळायचं, पण बोलायची ती माडिया, आणि नातू मराठी करून सांगायचा. मी तिला फोन दाखवला. गाणं यात भरून घेऊ का? बाबांसाठी. तिनं फोन हातात घेतला, उलटा केला, परत दिला.

"आजी म्हणते, एकटीनं कसं म्हणायचं? रेला रांगेत म्हणतात. एक बाजू म्हणते, दुसरी उचलते. एकटं माणूस रेला म्हणत बसलं तं त्याला येडं म्हणतात."

मग तिनं विचारलं, बाप कोण? मी सांगितलं. मास्तर. खूप वर्षांपूर्वी. रेडिओ होता त्यांच्याकडे. भिंतीला चित्रं लावायचे.

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या अशा हसायला लागल्या की एकीला ठसकाच लागला. नातूही हसत होता. मला सांगायला तयार नाही!

शेवटी कळलं. आजीचं माहेर बाबांच्या शाळेच्या गावचं. ती शाळेत कधी गेली नाही. पण एक मास्तर होता, त्याच्या घरात बोलणारी पेटी होती, आणि भिंतीवर गोऱ्या-गोऱ्या बायकांची चित्रं. ही लहान पोरं कुडाच्या फटीतून ती बघायची. बायको नाही म्हणून मास्तर कागदाच्या बायका ठेवतो, असा पोरांचा अंदाज होता. आणि मोठ्या पोरींनी त्याच्यावर रेला रचला होता. रेला तसाच असतो, गावात नवीन काही आलं की ते गाण्यात जातं, साहेब, सायकल, कंत्राटदार, काहीही. मास्तर पेटीला कान लावून बसतो, पेटीतली बाई काही बाहेर येत नाही, आणि बाहेरच्या पोरी त्याला दिसत नाहीत, असं काहीसं. मास्तर रागावला की आणखी एक कडवं वाढायचं.

म्हणजे दोन वर्षं बाबा ज्या आवाजावर वैतागून सिलोन मोठं करत होते, तो आवाज बहुधा त्यांच्याबद्दलच होता.

बहुधा म्हणते, कारण तो मास्तर बाबाच, याचा पुरावा माझ्याकडे नाही. रेडिओवाले मास्तर दुसरेही असतील. दलाल तर तेव्हा घराघरांत होते. पण आजीला मी पुन्हा पुन्हा विचारलं, मास्तर दिसायला कसा होता? तिनं हातानं दाखवलं. उंच. आणि चालताना एक खांदा खाली. बाबांचा डावा खांदा लहानपणी झाडावरून पडल्यापासून तसाच आहे.

रात्री दहाच्या पुढे रांग उभी राहिली. पोरी एकीकडे, पोरं दुसरीकडे, कमरेला हात गुंफलेले. पाय एकदम सोपे वाटतात, दोन पुढे, एक मागे, आणि पाच मिनिटांत तुमची जिमची मेंबरशिप उघडी पडते. मला रांगेत ओढलं. फोन रेकॉर्डिंगला लावून खिशात ठेवला होता, आजीनं 'राहू दे' म्हटलं होतं म्हणून. एका टोकाची पोरगी ओळ सोडायची, दुसरं टोक झेलायचं. एकसुरी? हो, एका अर्थी आहेच. आपण थांबून ऐकलं तर. आत असलं की सूर बदलला नाही तरी आपण बदलत जातो, श्वास शेजारणीच्या श्वासाबरोबर पडायला लागतो. १९४७ साली व्हेरिअर एल्विननं पलीकडच्या बस्तरातल्या मुरियांच्या घोटुलावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याची लहान आवृत्ती १९६८ला 'द किंगडम ऑफ द यंग' या नावानं निघाली, जगभरची तरुण पोरं केस वाढवून कम्यून काढत होती त्याच वर्षी. मी ते पुस्तक कॉलेजात वाचलं होतं. पायात गोळे आल्यावर त्यातलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ.

मध्येच नातू कानाशी येऊन म्हणाला, "ताई, आता तुमच्यावर चाललंय." विचारलं, काय म्हणतायत? म्हणाला, "पुण्याच्या बाईचा खिसा गाणं खातो."

आजी बाजेवर बसून त्या जुन्या मास्तराचा रेला आठवायचा प्रयत्न करत होती. पहिलं कडवं आलं. दुसरं अर्धं आलं. शेजारच्या म्हातारीनं पुढचा शब्द दिला, त्यावर दोघींचं भांडण झालं, आणि तेवढ्यावरच राहिलं.

'धापा कोण टाकून राह्यलं?'

परत नागपूरला पोचले रविवारी रात्री. बाबा जागेच. श्रवणयंत्र लावून बसलेले, पहिल्यांदाच स्वतःहून. मी रेकॉर्डिंग लावलं. सांगायला लाज वाटते, पण अर्धं रेकॉर्डिंग म्हणजे माझ्या जीन्सचा खसखसाट. बाबांनी यंत्र काढून ठेवलं, फोन सरळ डाव्या कानाला दाबला आणि डोळे मिटले.

दोन मिनिटं झाली. पाच झाली.

"धापा कोण टाकून राह्यलं?"

"मी."

"हं." पुन्हा ऐकत राहिले. त्यांचा पाय, उजवा, चादरीखाली हलत होता, दोन पुढे एक मागे असंही म्हणता येणार नाही, नुसता हलत होता. हेच का ते, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मग मी त्यांना पेटीवाल्या मास्तराची गोष्ट सांगितली. कागदाच्या बायकांची. पेटीतून बाहेर न येणाऱ्या बाईची. मोठ्यानं सांगावी लागली, त्यामुळे स्वयंपाकघरातून आईनंही ऐकली आणि ती पाणी घेऊन दारात येऊन उभी राहिली. बाबा आधी काहीच बोलले नाहीत. मग त्यांचे कान लाल झाले. ऐंशीच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

"दलालच्या चित्रांत बिघडलं काय होतं?" एवढंच म्हणाले.

आई हसत आत गेली. थोड्या वेळानं बाबांनी फोन परत माझ्याकडे दिला आणि विचारलं, "दुसरं कडवं अर्धंच आहे म्हणते तू. त्या बाईचं वय किती असन?"

"सत्तरीच्या पुढे."

"म्हणजे तिलेबी विसरायला होईल."

सकाळी उठले तर ते हॉलमध्ये टीव्हीसमोर, आवाज बंद करून, वहीत काहीतरी लिहीत बसले होते. नागपूर ते आलापल्ली गाडीनं किती तास, वाटेत कुठं थांबता येईल, मोठा रस्ता टाळता येतो का. कानाच्या डॉक्टरांचा नंबरही लिहिला होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह. मी मेल उघडून सुट्ट्या मोजल्या. मार्चपर्यंत चार शिल्लक आहेत.